मुनिरक्यातली टिंबं

दिल्ली पाहायला म्हणून मी मे महिन्यात साताऱ्याहून निघाले. कुतुबमिनार पाहिला तो रिक्षातून, तोही अर्धाच, कारण उरलेल्या अर्ध्याच्या आड उसाच्या रसाचा गाडा होता.

बहिणीची मुलगी मंजिरी मुनिरक्यात खोली घेऊन राहत होती. मुनिरका म्हणजे शहरानं गिळलेलं पण न पचलेलं गाव. गल्लीत म्हैस आडवी, म्हशीपलीकडे जिना, आणि जिन्याच्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, केस पिंजारलेली आमची विदुषी.

"आलीस मावशी? हात धू आणि बस."

मला वाटलं, पान वाढतेय. तिनं टाक हातात दिला.

मंजिरीचा भाषाशास्त्रातला प्रबंध दुसऱ्या दिवशी चारच्या आत विद्यापीठात पोचायचा होता. न पोचला तर एका कॉलेजातली ठरलेली नोकरी हातची जाणार होती. प्रबंधाच्या शेवटी मराठी बोलण्याचे नमुने रोमन अक्षरांत टाइप केलेले. पण टाइपरायटर पडला इंग्रजी. त्याला ल आणि ळ एकच, न आणि ण एकच. म्हणून जीभ मागे वळवून काढलेल्या अक्षरांखाली (शास्त्रात त्यांना मूर्धन्य म्हणतात) टिंब, आणि लांब स्वराच्या डोक्यावर आडवी रेघ, हे सारं हातानं करायचं. अशी ऐंशी पानं! चाळीस माझ्या वाट्याला.

"ही माझी वही. हिच्यात बघून टाक."

"बघायचं कशाला? मराठीच आहे ना?"

बावीस वर्षं मी प्राथमिक शाळेत मास्तरीण आहे. हे वाक्य तिथूनच आलं.

दुपारी वीज गेली, कूलर घरघरत मेला. मी पानं घेऊन जिन्यात सावलीला बसले. एकेक शब्द मोठ्यानं म्हणायचा आणि जीभ सांगेल तिथं टिंब टेकवायचं. "शाळा. फळा. बाळ. पाणी."

घरमालकीण वर आली. "कौण सा जाप सै, बहणजी?" (हा कुठला जप, ताई?)

"ल के नीचे बिंदी लगा रही हूँ," मी माझ्या सातारी हिंदीत म्हणाले.

"दिल्ली में आके?" तिनं कपाळाला हात लावला. जाऊन लस्सी (इथं ताकालाच लस्सी म्हणतात) आणि मिस्सी रोटी (बेसन घातलेली पोळी) घेऊन आली. तीन दिवसांत मला भेटलेलं शहाणं माणूस ते एवढंच.

संध्याकाळी मंजिरीनं माझी पानं हातात घेतली आणि मटकन खाली बसली.

"मावशी, 'शाळा'त टिंब दे म्हणून कुणी सांगितलं?"

"माझ्या जिभेनं."

"तुझ्या जिभेला कोण विचारतंय! ही लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टर्समधली मराठी मुलं आहेत. दिल्लीत वाढलेली. ती 'शाला' म्हणतात. माझा अख्खा प्रबंध त्याच्यावर आहे!"

"मग चुकीचं म्हणतात. मी सुधारलं."

"मला सुधारायचं नव्हतं गं, लिहायचं होतं!"

चाळीस पानं. एकेक टिंब पांढऱ्या रंगानं झाकायचं. मीही चिडले. भाषा बुडवायची आणि वर तिची नोंद ठेवायची, हे कसलं शास्त्र? तोंडाचा पट्टा थांबेना, तेव्हा वीज आल्याबरोबर मंजिरीनं टेपरेकॉर्डर माझ्या कानाशी लावला.

सात-आठ वर्षांची मुलगी बोलत होती. "माझी शाला लांब आहे. आजी येनार आहे सुट्टीत. मी बोलले की आजी हसते, म्हनते असं नाही, असं म्हन. मग मी तिच्याशी हिंदीतच बोलते. बिल्कुल मराठी नाही बोलत."

टेप खरखरत पुढे गेली. मी टाक खाली ठेवून ब्रश उचलला.

"वही आण," मी म्हटलं.

रात्रभर ब्रश चालवला. 'येनार'खालचं टिंब झाकताना, खरं सांगते, दर वेळी तोंडातल्या तोंडात 'येणार' म्हणून घेतलं. पण वहीबाहेरचं एक टिंब पडू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी झेरॉक्स, बायंडिंग, उन्हात तीन रिक्षावाल्यांचा नकार, आणि चाराला दहा मिनिटं असताना विद्यापीठाची खिडकी. आतल्या गृहस्थानं प्रबंध न उघडताच शिक्का मारला. ऐंशी पानांतलं एकही टिंब त्यानं पाहिलं नाही! मी खिडकीतून त्याचा गळाच धरणार होते, पण मंजिरी रडत-हसत मला मिठी मारून उभी होती.

परतीच्या गाडीत समोर दिल्ली छावणीतल्या एका हवालदाराचं कुटुंब होतं. गाव कराडजवळ. त्यांची धाकटी माझ्याकडे वळली. "मावशी, पानी आहे?"

आईनं लगेच दटावलं, "पाणी म्हण गं. काय म्हणतील त्या?"

"काही म्हणत नाही," मी म्हटलं, आणि सुरई पुढे केली. "घे. आणि तुझ्या शाळेतलं सांग बघू."

ग्वाल्हेर येईपर्यंत ती सांगत होती. शाला, फला, काली मांजर. मी एकाही शब्दाला हात लावला नाही. पोरीची मराठी काही थांबली नाही. माझेच दात तेवढे आवळून आवळून दुखायला लागले.