दोन्ही कानांत होते

जितूला हे माहीत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीला, जिला मी भाजी करपली तरी फोन करून सांगते, तिलाही नाही. तुम्हाला सांगतेय कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि ओळखीच्या माणसासमोर हे बोलायची माझी छाती नाही. एवढं सरळ आहे ते.

आणि विषय काय, तर इअरफोन. वायरवाले, स्वस्तातले, कानात खुपसायचे, टोकाला मऊ रबर असलेले. हसू येईल तुम्हाला. मलाही आलं असतं.

उजव्या कानात त्यांचा आवाज झकास होता. ढोलकी वाजली की दणका थेट छातीत. डाव्या कानात मात्र नुसती चिरचिर, डबड्यात खडे घालून हलवल्यासारखी. दोष इअरफोनचा नव्हता. माझ्या कानाचा होता, आईने असा दिला. डावा त्यात बसायचाच नाही. डबीत तीन मापांची रबरं होती. लहान लावलं तर सरकून खाली, मोठं लावलं तर कान ठणकायचा, आणि मधलं मी तोंड मिटून बसले तरच टिकायचं. एक जांभई दिली, एक शेंगदाणा चावला — झालं, डावा गळ्यात लोंबकळतोय. आणि तो नीट बसला नाही की बाहेरचं सगळं आत. कुकरची शिट्टी, शेजारच्यांचं भांडण, खाली आमच्या फुलपाड्याच्या रस्त्यावरच्या रिक्षांचे हॉर्न, सगळं.

हे सगळं माप-रबर एवढं लांबवून सांगतेय, कारण पुढचं सांगायचं टाळतेय. कळतंय मला.

ते इअरफोन जितूने आणले होते. जितू म्हणजे माझा नवरा. नालासोपाऱ्याच्या एका मोबाइलच्या दुकानात उभं राहून, एकेक जोडी स्वतःच्या कानात घालून, दुकानदाराला समोर उभं करून मोठ्याने बोलायला लावून त्याने निवडले. ज्यात दुकानदाराचं फक्त तोंड हलताना दिसलं, ते घेतले. स्वतःच्या कानात. माझा कान वेगळा असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. घरी आल्यावर इतका खूश होता — घाल ना, घालून बघ, जरा शांतता मिळेल तुला. मी घातले. डावा तिथल्या तिथे निसटायला लागला, तो मी मान वाकडी करून सांभाळला आणि म्हटलं, "एकदम फिट. बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही."

कुणी असं खोटं बोललं नसेल? माणूस हौसेने आणतो, आपण छान म्हणतो. त्यात काय पाप आहे? तेव्हा नव्हतंच.

आता शांतता कशापासून, ते सांगते. आबांपासून.

आबा म्हणजे माझे सासरे. अर्नाळ्याचे, जन्मभर मासेमारी केलेले. झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एकच शब्द राहिला, पानी. मी साताऱ्याकडची, आमच्याकडे पाणी. लग्नानंतर मी जितूच्या मागे लागून, त्याला चिडवून चिडवून, त्याचं पानी पाणी केलं होतं. ऑफिसात लोक हसतात म्हणे. मग आबांना आम्ही फुलपाड्याच्या फ्लॅटवर आणलं, आणि आख्ख्या भाषेतून त्यांना नेमका तोच शब्द उरला. नशीब बघा.

भूक लागली, पानी. पंखा लावा, पानी. जितू आला का, पानी. सुरुवातीला मी तांब्या घेऊन धावायचे, नाहीतर नळाला पाणी आलं समजून पिंपाकडे. आबा डाव्या हाताने कपाळ बडवून घ्यायचे आणि हसायचे. हळूहळू मला उमगायला लागलं. तहानेचं पानी छोटं असायचं, शेवटी पडल्यासारखं. बाथरूमचं दोनदा, घाईघाईने, आणि त्यात लाज असायची. आणि एक लांब, मऊ पानी होतं, ते रोज थोडं उशिरा यायचं, कुणाला उद्देशून नाही, असंच खिडकीकडे बघून. ते मला बरेच दिवस कळेना. जितूने ऐकलं आणि हातातला चहा तसाच धरून म्हणाला, "अगं, भरती लागली असेल." तिसऱ्या मजल्याच्या त्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे पाइप दिसतात. समुद्र कुठला? पण आबांना कळायचं.

लोकांच्या मीटिंगांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायची, हे माझं काम. घरबसल्या. ऐकणं हीच माझी भाकरी. म्हणून सांगते, त्या एका शब्दाचे सगळे आवाज मला जितके ओळखता यायचे तितके जितूलाही नाही. नणंदेलाही नाही. सगळे म्हणायचे, सून बघा कशी, आबांच्या मनातलं ओळखते. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

आणि तरी मी विटले. दिवसभर तोच शब्द. काम करताना, जेवताना, केस धुताना. वाक्याच्या मध्ये पानी. कधीकधी मी त्यांच्या खोलीच्या दाराशी उभी राहून दात आवळायचे आणि मग गोड आवाजात विचारायचे, काय हवं आबा? कंटाळा काही गुन्हा नाही, असं तुम्ही म्हणाल. थांबा जरा.

डावा बसत नाही हे घरात एकाच माणसाला माहीत होतं. आबांना. मी समोर कामाला बसायचे, तो गळून पडायचा, आणि आबा डाव्या हाताचं बोट माझ्या कानाकडे करून म्हणायचे, "पानी." म्हणजे, पडला बघ. मी उचलून परत घालायचे. परत पडायचा. ते पोट धरून हसायचे. आमच्या दोघांचा खेळच झाला होता तो. जितूपासून लपवलेला. मी ओठांवर बोट ठेवायचे, आबाही ठेवायचे.

तर त्या दुपारी.

काम संपलेलं होतं. सगळ्यांना मी सांगितलं की काम चालू होतं — नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून गाणं ऐकत होते. आबांना थोड्याच वेळापूर्वी बाथरूमला नेऊन आणलं होतं, काही झालं नव्हतं. त्याआधी एकदा नेलं, तेव्हाही नाही. आणि खोलीतून आवाज आला. दोनदा, घाईघाईने. पानी पानी.

मला कळलं. कुठलं पानी ते कळलं. यात शंका घ्यायला जागा नाही, मी हेच काम करते.

मी डाव्या इअरफोनवर बोट ठेवलं आणि तो आत दाबून धरला.

आणि आवाज काय सुंदर आला हो. इतके महिने मी ते इअरफोन वापरत होते, पण दोन्ही कानांत दणका सारखा, मधोमध गाणाऱ्या बाईचा आवाज, तिचा श्वाससुद्धा, असं मी त्यांच्यातून कधी ऐकलंच नव्हतं. जितूने दुकानात हेच ऐकलं असणार. मला वाटलं, गाणं संपेपर्यंत. एवढं एक गाणं. आबांनी आणखी हाका मारल्या. दाबलेल्या रबरामागून त्या बारीक येत होत्या, पण येत होत्या. मी बोट काढलं नाही. मग हाका थांबल्या, आणि मला बरं वाटलं. लपवत नाही, तेच वाटलं — बरं.

मग धप्प झालं. मला तो गाण्यातलाच ठोका वाटला, असं म्हणता आलं असतं. नाही वाटला.

धावत गेले तेव्हा आबा पलंग आणि दाराच्या मध्ये पडले होते, लेंगा भिजलेला. स्वतःच निघाले होते, एका पायावर. मी खाली वाकले आणि डावा इअरफोन निसटून माझ्या गळ्याशी लोंबायला लागला. आबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बोट उचललं नाही. काही बोललेही नाहीत.

त्यानंतर ते कधीच बोलले नाहीत. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरी आणलं, पण तो एक शब्दही गेला. डॉक्टर म्हणाले, वय आहे, धक्का आहे, असं होतं. असेलही. मी त्यांच्या उशाशी बसून विचारायचे, आबा, तहान लागली? पंखा लावू? ते खिडकीकडे बघत राहायचे. भरतीच्या वेळीसुद्धा गप्प. मी फोनवर भरतीची वेळ काढायचे आणि त्यांना सांगायचे, आबा, पानी. मी, पानी म्हणायचे. त्यांनी एकदाही मान वळवली नाही. काही महिन्यांनी गेले.

आणि खोटं मी बोललेच नव्हते, सुरुवातीला. त्याची गरजच पडली नाही. जितू हॉस्पिटलात धापा टाकत आला आणि कुणी काही विचारायच्या आत डॉक्टरांना म्हणाला, "तिच्या कानात इअरफोन होते, साहेब. त्यात बाहेरचं काही ऐकू येत नाही. मीच आणून दिलेत." माझंच वाक्य. मी फक्त मान खाली घातली. मग माझी नणंद आली, वंदनाताई, अर्नाळ्याला मासे विकते, सरळ बाई. तिने माझे दोन्ही खांदे धरून विचारलं, "तुला आयकूच नाय आलं?" तेव्हा मात्र मी बोलले. "नाही ताई. दोन्ही कानांत होते."

ताईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. आणि जितूकडे वळून म्हणाली, "तूच दिलंस ना तिला ते कानात घालाया." जितूने मान डोलावली. तेव्हापासून बहीणभावात ते आहे. ती येते, जेवते, मला मिठी मारते, पण त्याच्याशी कामापुरतं बोलते. आणि त्याला ते मान्य आहे. म्हणतो, बरोबर आहे तिचं.

दहाव्याला अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पिंड ठेवला. कावळा शिवेना. सुरूच्या झाडांवर दहा कावळे, एक खाली येईल तर शपथ. लोक हात जोडून एकेक बोलायला लागले. ताई म्हणाली, आबा, होडी विकनार नाय. कुणी म्हणालं, घर सांभाळू. काही नाही. ऊन चढलं, आणि मागून एक म्हातारा बोलला, "पानी भरतंय, आटपा." त्या शब्दाने मी गर्रकन वळले. तेव्हा जितू पुढे झाला, हात जोडले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "आबा, माझी चूक झाली. ती वस्तू मी परत घरात आणणार नाही."

मी बायकांमध्ये मागे उभी होते. मीही हात जोडलेले होते. मनात म्हटलं, आबा, मी सांगते त्याला. आज घरी गेल्यावर सांगते, खरं काय ते.

आणि कावळा उतरला. लगेच.

सगळ्यांनी श्वास सोडला. ताईने भावाकडे पाहिलं, म्हणजे बघ, आबांच्या मनात हेच होतं. जितू वाळूत बसून रडला. आता त्याला कुणी कितीही समजावलं तरी उपयोग नाही, कावळ्याने साक्ष दिली. पण तो कुणाच्या शब्दावर उतरला, हे तिथे एकट्या मलाच माहीत होतं. कावळाच तो, भूकही लागली असेल. पण मी शब्द दिला होता हे खरं, आणि दिला कुणाला, तर ज्याला माझा खोटेपणा आधीच माहीत होता त्याला.

त्या दिवशी घरी गेल्यावर नाही सांगितलं. जितू दमला होता. मग तेराव्यानंतर सांगू म्हटलं. मग वर्षश्राद्धानंतर. आता तर किती वर्षं झाली. तो चांगला माणूस आहे, मला कदाचित माफही करेल, आणि मी तोंड उघडते, आणि चहा घेणार का म्हणून विचारते. तो अजून इअरफोन वापरत नाही. कुणी त्याच्याशी बोलताना कानातला काढला नाही की त्याचा चेहरा उतरतो. काम मी आता स्पीकरवर करते, दार लावून, हळू आवाजात. तो म्हणतो, माझ्यामुळे तुला त्रास.

संध्याकाळी तो कामावरून येतो, बूट काढतो आणि बाहेरच्या खोलीतून हाक मारतो, सगळे नवरे मारतात तशीच, "अगं, ऐकलंस का?"

"ऐकलं," मी म्हणते.