भरतीनं नेलेले बूट

हिंगणघाटला मी रोज सकाळी वणा नदीच्या वाळूत अनवाणी पळायचो, बूट पाण्याजवळ काढून ठेवून. ऐंशी सालाच्या आसपास शिक्षकांच्या शिबिरासाठी रत्नागिरीला गेलो, तेव्हा शहरही पळतच पाहायचं ठरवलं. किनाऱ्यावर सवयीनं बूट पाण्याजवळ ठेवले आणि लांबवर पळून आलो. परत येतो तर बूट नाहीत. चोरी झाली म्हणून मी चिडलो. टोपली घेऊन निघालेली मासेवाली हसली.

"भरती लागली. तुमच्याकडं पाणी वर येत नाय काय?"

येतं, पण पुरात. असं रोज उठून येत नाही.

मग तसाच अनवाणी मुक्कामाकडे पळत निघालो. मासळीबाजाराची ओली फरशी, जांभ्याच्या खरखरीत पायऱ्या, माडांखालची गार लाल माती, सगळं शहर तळव्यांना कळलं. बूट असते तर एवढं कळलं नसतं. दुसऱ्या दिवशीही मी अनवाणीच पळालो.

घरी बायकोनं विचारलं, "बूट कुठी गेले?"

"समुद्रानं नेले."

"मंग पाण्याजवळ ठेवले काऊन?"

तेव्हापासून वणेवरही मी बूट चांगले वर, झाडाखाली ठेवतो. नदीवर माझा भरवसा आहे. पण त्यानंतरचे बूट बायकोनं घेऊन दिलेत.