सात नंबरचं पाकीट

शांते, मुखेडच्या स्टँडवर आईनं एसटीच्या खिडकीतून तिळाची पुरचुंडी माझ्या हातात दिली, तेव्हा तू तिच्याशेजारी उभी राहून "दादा, लवकर ये" म्हणत होतीस. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि मी तिथल्या बियाण्याच्या फार्मवर नोकरीला निघालो होतो. "सायबाला दाखव आपला तीळ," आई म्हणाली. "अन् ध्यानात ठिव, बोंडं हसायच्या आत कापायचा."

साहेबांनी पेरला, नाही म्हणत नाही. आठ वाण शेजारीशेजारी. आपल्याला सात नंबर. काळी जमीन, विहिरीचं पाणी. आपला माळावरचा तीळ तिथंही इतरांच्या आठवडाभर आधी पिकला. मी सांगितलं, एकदाच, दबकत. साहेब म्हणाले, सगळे वाण एकाच दिवशी कापायचे, तसं परिपत्रक आहे. तोवर बोंडं उकलून दाणे मातीत गेले. उरलेल्याचं वजन झालं आणि रजिस्टरात 'उतारा कमी, नापसंत' असा शेरा पडला. तो माझ्या अक्षरात आहे, शांते. अक्षर चांगलं म्हणून ते काम माझ्याकडे होतं. 

माझा शहाणपणा तिथंच थांबला नाही. पुढच्या साली उताऱ्यात पहिल्या आलेल्या वाणाची पिशवी मीच ऐटीत घरी आणली. लेकानं आणलं म्हणून आईनं घरचा सगळा तीळ चटणीला काढला आणि रानात नवा पेरला. त्या साली पोळ्यानंतर थेंब नाही. आपला तीळ तोवर भरत आला असता. नवा फुलातच करपला. मुखेडचा माळ त्या साहेबानं कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता! फार्मवर पाण्याशेजारी बसून साऱ्या मराठवाड्याचं बी ठरवत होता, आणि मी मान डोलवत होतो.

पेरून उरलेलं सात नंबरचं पाकीट फार्मच्या कपाटात पडून होतं. मी न विचारता उचललं. चोरी म्हणायची तर म्हण. आईनं दाणे तळहातावर घेतले, एक चावून पाहिला. "आपलाच हाय," एवढंच म्हणाली. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच मूठभराचा तीळ तू अजून पेरतेस. लातुरात माझं स्लॅबचं घर आहे, दारात नळ आहे. पण माझं घर म्हणजे आता तेवढंच रान, जिथं कापणीचा दिवस तीळ ठरवतो. आई गेली, आता सांगणारी तूच. खालची पानं पिवळी पडली की कळव. रजा मिळो न मिळो, मी त्याच दिवशी कापणीला निघेन.