न सोडलेल्या जोडण्या

बायकोलाही सांगितलं नाही ते आधी लिहून टाकतो: माझी चूक शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांच्या नावावर गेली आणि मी गप्प बसलो. तेही कुणाच्या, तर उघडं किंवा चालू राहिलेलं काहीही बंद केल्याशिवाय ज्यांना पुढे पाऊल टाकवत नाही, त्यांच्या; असा दुसरा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही. मूळचे पुणतांब्याचे. आमच्या सावेडीच्या ऑफिसात येताना अनोळखी स्कूटरवाल्यांना थांबवून इंडिकेटर बंद करायला लावतात. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले की निघताना त्यांचा गॅस तपासतात. एका सहकाऱ्याच्या रिसेप्शनला तर नवरानवरी स्टेजवर उभी असताना यांनी मागचा पंखा बंद केला. नवरदेव घामाघूम. "लोकं जेवायला गेली, मला वाटलं उरकलं," म्हणाले.

आमचं काम असं, की एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक चालवायचे, प्रत्येकाला नेटवर्कची एक जोडणी द्यायची आणि तो बंद झाला की परत घ्यायची. प्रोग्रामच्या मी लिहिलेल्या भागात चूक अशी, की एखादा सुरू होता होताच कोलमडला, तर त्याची जोडणी तशीच अडकून राही. हळूहळू सगळ्या अडकल्या आणि ग्राहकाचं काम ठप्प झालं. गृहस्थांनी प्रोग्रामच्या त्या ओळींची नुसती मांडणी नीट केली होती, म्हणून बदलांच्या नोंदीत शेवटचं नाव त्यांचं.

"हे तुमचं का?" साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"नाव तर माझंच दिसतंय."

मी चहाच्या कपात पाहत राहिलो. त्यांचं ठरत आलेलं टीमप्रमुखपद लांबलं.

दुरुस्तीला मात्र तेच माझ्याशेजारी बसले. "भाऊ, कुठंबी अडकलं तरी उलट्या पावली यायचं. शेवटी घेतलं ते आधी सोडायचं." जुन्या नोंदी चाळताना पडद्यावर त्या चुकलेल्या ओळींपुढे माझं नाव आलं. त्यांनी ते वाचलं, पान बंद केलं. "लई जुनं हाय हे. चला पुढं." मग आम्ही त्या आभासी संगणकाला मुद्दाम प्रत्येक पायरीवर पाडलं. दरवेळी जोडणी सुटून परत येई आणि हे संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात घ्याव्यात तसे पुटपुटत, "आली. ही पन आली." एकही मागे राहिली नाही. त्या दुपारी कितीतरी दिवसांनी मी मोकळा हसलो.

प्रमुखपदाचा विषय सोमवारी पुन्हा निघतोय. ती चूक माझी होती, हे साहेबांना, सगळ्यांना, त्यांच्यादेखत सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.