बिबड्यांचं कापड

आज सकाळी गॅसवर बिबडा भाजला. जाळीवर टाकला की तो आधी कडेने पांढरट होतो, मग जागोजागी फुगतो, आणि तीळ, लसूण, जिऱ्याचा खरपूस वास स्वयंपाकघर ओलांडून थेट दारापर्यंत जातो. आपल्याकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही; इतरांसाठी एवढंच, की हा ज्वारीचा पापड, पण पापडाहून जाड आणि खरखरीत, थोडा आमच्या बोलण्यासारखाच. हल्ली मला माणसांची नावं चटकन आठवत नाहीत. जिभेच्या टोकावर येतात आणि मागच्या पावली परत जातात. वास मात्र टिकून आहेत. या वासाबरोबर दरवेळी जळगावात मेहरूणमधलं आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर आठवतं, मागचं शेणाने सारवलेलं अंगण आठवतं, आणि अंगणातल्या खाटेपाशी उकिडवी बसलेली अडीच वर्षांची आमची मुलगी.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी शाळेत मास्तर. बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, दिवसभर अनोळखी माणसांची बोलणी जुळवून देणारी. मे महिन्याची सुट्टी लागली आणि मुलगी दिवसभरासाठी माझ्या वाट्याला आली. तोवर मूल सांभाळणं म्हणजे संध्याकाळी तलावावर एक चक्कर मारून आणणं, एवढीच माझी समजूत होती. आता मी पाहू लागलो, आणि पाहता पाहता मला तिचं वेडच लागलं. ती घरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं काढून ठेवी आणि मग एकेक झाकण उचलून, न चुकता, त्याच्याच डब्यावर बसवी. दाराशी पडलेल्या चपलांच्या जोड्या लावी. मुंग्यांची रांग भिंतीत जिथे शिरते तिथे कान लावून बसे. आत काय ऐकू येत असेल, हे तिला विचारावंसं मला फार वाटे.

पण ती बोलत नव्हती. एक शब्द नाही. समोरच्या घरातलं तिच्याच वयाचं पोरगं आल्यागेल्याला नाव-गाव विचारी, आणि आमची नुसती टकमक बघे. मी हौसेने एक वही घातली होती. पहिल्या पानावर वळणदार अक्षरात ‘पहिले शब्द’ असं लिहून ठेवलं होतं, आणि त्याखाली पान कोरं होतं. कधी मी तिच्या पाठीमागे जाऊन ताटावर ताट आपटी. ती वळून बघे, यातून तुम्हाला काय मिळालं, असा चेहरा करून. म्हणजे ऐकू येत होतं. मग समजत नसेल का? हा प्रश्न मी बायकोला विचारला नाही आणि तिने मला विचारला नाही. जेवताना आम्ही दोघं मुलीसमोर उगाच जास्त बोलायचो, एवढंच.

भेटायला आलेल्या एका सहकाऱ्याने उपाय सांगितला. मागेल ते लगेच द्यायचं नाही. शब्द म्हणेल तेव्हाच द्यायचं. गरज पडली की तोंड उघडतं. मी पडलो मास्तर, मला हे पटलंच.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती माठावर हात आपटत उभी राहिली. जळगावचं मे महिन्यातलं ऊन, पत्र्याचं घर. मी पेला भरला आणि उंच धरला. “म्हण, पाणी. पा-णी.” तिने पेल्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, घड्याळ दुरुस्त करणारा माणूस उघड्या घड्याळात बघतो तसं. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा. चौथ्या खेपेला तिचा खालचा ओठ थरथरला, पण ती रडली नाही. पाठ फिरवून निघून गेली. थोड्या वेळाने फरशीवर काहीतरी घासल्याचा आवाज आला. पाट ओढत आणून ती माठापाशी त्यावर चढली होती आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढून पीत होती. निम्मं पाणी फ्रॉकवर सांडलेलं. मला लाज वाटली. पण खोटं कशाला सांगू, दुसऱ्या दिवशीही मी पेला उंच धरलाच.

शेजारच्या अक्का, मूळच्या सोनगीरकडच्या, हे दारातून बघत होत्या. त्या रागावल्या. “मास्तर, पोर मुकी नही शे. ती बठ्ठं दखी ऱ्हायनी. तिले तीस लागनी त पानी दे ना!” ती सगळं बघते आहे, हे त्यांचं म्हणणं मी कानाआड केलं आणि म्हणालो, सोमवारी डॉक्टरांना दाखवणार आहे. अक्का निघून गेल्या.

त्याच आठवड्यात आमच्याकडे बिबड्यांची पाळी होती. गल्लीतल्या बायका एकमेकींकडे पाळीपाळीने जात आणि सगळ्यांचं वर्षाचं वाळवण होई. उजाडताच अंगणात मोठ्या पातेल्यात ज्वारीचा घाटा शिजला. खाटेवर ओलं धोतर अंथरून बायकांनी ओल्या हातांनी त्यावर गोल थापले, आणि मुलगी दिवसभर खाटेच्या पायाशी बसून राहिली. आदल्या आठवड्यात अक्कांच्या अंगणातही ती अशीच बसली होती. अर्ध्या दिवसाची रजा संपवून दुपारी बायको ड्युटीवर गेली. अक्कांना बोदवडला लेकीकडे जायचं होतं. ऊन कललं की कापडावरून काढून ठेवा, एवढं मला सांगून त्या गाडीला निघाल्या. जन्मभर बिबडे खाल्लेल्या माणसाला ते कापडावरून काढता येत नसतील, हे त्यांच्या मनातही आलं नसणार.

ऊन कललं. मी पहिला बिबडा धरून ओढला. तडकला. दुसरा ओढला, अर्धा हातात आला आणि अर्धा कापडाला चिकटून राहिला. तिसऱ्याला जोर लावला तर त्याचा चुराच झाला. चार बायकांची पहाटेपासूनची मेहनत माझ्या हातात तुकड्या-तुकड्यांनी येत होती. मी चिडून काहीतरी पुटपुटलो. मुलगी उठून आत गेली. घाबरली असेल, असं वाटलं.

आतून पाट ओढल्याचा आवाज आला. मग ती आली, दोन्ही हातांत ओगराळं धरून, सांडत, जपून पावलं टाकत. खाटेशी बसली. धोतराचं टोक धरून उलटं केलं, आणि हात पाण्यात बुडवून बिबड्याच्या पाठीमागचं कापड ओल्या तळव्याने थोपटलं. एकदा, दोनदा. मी हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला. मग गुडघ्यांवर हात ठेवून, मान जराशी वाकडी करून, थेट अक्कांसारखी, ती थांबून राहिली. अडीच वर्षांचं मूल, आणि थांबलं! थोड्या वेळाने तिने दोन बोटांनी कापड अलगद सोडवलं. बिबडा अख्खा सुटला. तो तिने माझ्या हातात दिला आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

ज्या पाण्यासाठी मी तिला दोन दिवस तिष्ठत ठेवलं होतं, तेच ती माझी अडचण बघून घेऊन आली होती. मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं. सगळं कापड आम्ही मिळून सोडवलं. मी पाणी लावी आणि घाई करू लागलो की ती माझं मनगट धरी.

सोमवारी डॉक्टरांनी तपासलं. ऐकू येतं, समज चांगली आहे, बोलेल, असं ते म्हणाले. आम्ही दोघांनी मान डोलावली आणि परतताना उसाचा रस प्यायलो. पेला मी पुन्हा कधी उंच धरला नाही. पहिला शब्द नवरात्राच्या सुमारास आला. तेव्हा मी शाळेत होतो, आणि तो शब्द नेमका कोणता, यावर बायकोचं आणि अक्कांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. वहीत मी तो लिहिलाच नाही. तिथे एकच ओळ आहे: कापडाला मागून पाणी लावावं, मग थांबावं.

ती आता दूरच्या शहरात असते आणि बोलते भरपूर. दर रविवारी फोन करते. बोलता बोलता एखादं नाव मला सोडून जातं. “अगं, ते आपले... ते नाही का गं...” असं म्हणत मी अडतो. बायको शेजारून भराभर नावं पुरवते आणि मी वैतागतो. मुलगी एकही नाव सुचवत नाही. पलीकडे नुसता तिचा श्वास ऐकू येतो. मी अडखळतो, गप्प होतो, खिडकीबाहेर बघतो. ती थांबते. आणि मग कधीतरी ते नाव येतं, कुठेही न तुटता, अख्खं.