मीटरवाल्या काकांची चौकशी

कुत्रं घरी न्यायला येणारी माणसं मला दोन मिनिटांत कळतात, असा माझा ताठा होता. मीटरवाल्या काकांनी तो उतरवला.

एकतीस वर्षं घरोघरी विजेचे मीटर वाचलेला माणूस. आता निवृत्त, तरी शर्टाच्या खिशात डायरी-पेन्सिल कायम, आणि उजव्या पोटरीवर चार दातांची जुनी खूण. आमच्या कुत्र्यांच्या निवाऱ्याच्या फाटकात उभं राहून त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, “ती मागच्या रांगेतली अल्सेशियन. त्या जातीचा स्वभाव कसा असतो?”

माझं डोकं फिरलं. जात विचारणाऱ्यांना मी फाटकातूनच वाटेला लावते. त्यांना कुत्रं नको असतं, मिरवायला काहीतरी हवं असतं.

“काका, स्थळ बघायला आलात का? मग रंग, उंची, खानदान सगळंच विचारा की!”

“विचारणारच आहे,” काका शांतपणे म्हणाले. “सासर पटलं नाही तर मुलगी माहेरी तरी येते. ही कुठे जाईल?”

ती दोनदा आमच्याकडेच परत आली होती. शिट्टी तिचं नाव; भुंकण्याआधी नाकातून बारीक शिट्टी वाजवते म्हणून. दोन्ही घरांची तक्रार एकच, घरात कुणी काठी घेतली की अंगावर येते. तिच्या कार्डावर मी लाल शाईने लिहून टाकलं होतं, ‘आधीच्या मालकाने काठीने मारलेली.’ आणि आमचा नियम असा, की तिसऱ्यांदा परत आलेलं कुत्रं पुन्हा कुणाला द्यायचं नाही. मग त्याचा सगळा जन्म इथेच जाळीआड जातो.

काकांच्या घरात काठी होती. काकूंची डावी बाजू झटक्याने लुळी पडलेली. डॉक्टर म्हणत होते चाला, आणि काकू खुर्ची सोडत नव्हत्या. माहेरी त्यांच्या लहानपणी अल्सेशियन होती. एकदा वैतागून म्हणाल्या, “तसलं कुत्रं आणा, मग चालते!” त्यांना वाटलं, कटकट मिटली. चाळीस वर्षांच्या संसारात नवरा पुरता कळला नव्हता म्हणायचा.

मीटर वाचणारी माणसं आकड्याशेजारी आणखी एक गोष्ट टिपतात: कुठल्या घरी कुत्रा आहे, बांधलेला की मोकळा, वागतो कसा. पुढच्या खेपेला पोटरी शाबूत राहावी म्हणून. काकांनी माळ्यावरून जुन्या डायऱ्या काढल्या, अल्सेशियनवाली घरं शोधली आणि एकेका दाराची घंटा वाजवत सुटले.

“एका आजींनी हाकललंच,” परत आल्यावर मला सांगत होते. “म्हणाल्या, ‘आमचा गेला त्याला सहा वर्षं झाली, आता चौकशी करताय?’ मग स्वतःच आत बोलावलं आणि दोन तास बोलत बसल्या.”

“आणि निष्पन्न काय झालं?”

“साखळीतल्या चावल्या, मोकळ्या फारशा नाहीत. काम नसलं की बिघडतात. आणि कानाने फार हळव्या, ताई. माणूस दिसण्याआधी आवाजावर मत बनवतात.”

मग म्हणाले, काकूंची काठी घेऊन मला शिट्टीच्या जाळीबाहेर बसू द्या. म्हटलं बसा, टाके पडले तर माझ्याकडे रडत येऊ नका. आठ सकाळी हा माणूस उपड्या बादलीवर बसला, मांडीवर काठी, हातात डायरी. तिसऱ्या दिवशी शिट्टीने जाळीतून काठी हुंगली. पाचव्या दिवशी ती काठीशेजारी झोपली.

नवव्या दिवशी काकांनी मला हाक मारली. “रागावणार नसाल तर एक सांगू?”

“रागावणारच. सांगा.”

“काठी दिसली तर तिला काही होत नाही. वाजली की होतं. इथे रोज काय वाजतं?”

माझ्या हातात लोखंडी सळई होती. सकाळी साठ कुत्री एकदम ओरडायला लागली की रांगेतून चालत मी ती जाळ्यांवर आपटते. सगळी चिडीचूप. ही युक्ती माझी स्वतःची, आणि अभिमानाने चार जणांना शिकवलेली.

मी फाडफाड बोलले. कोण तुम्ही, किती कुत्री वाचवलीत, मला शिकवता? काकांनी फक्त डायरी पुढे धरली. ‘सात दहा. ताई, सळई, जाळी. शिट्टी कोपऱ्यात, कान मागे.’ खाली दुसरा दिवस, तिसरा, आठही दिवस. मीटरशी भांडता येत नाही, हे त्यांच्या गिऱ्हाइकांना एकतीस वर्षं कळत आलं होतं. मला त्या दिवशी कळलं. कार्डावरची लाल ओळ मी स्वतः खोडली.

काकांनी काठीच्या टोकाला रबरी बूच बसवलं. मग महिनाभर रोज ती हळूच फरशीवर टेकवायची आणि शिट्टीला बिस्किट द्यायचं. शेवटी काकूंना गाडीतून घेऊन आले.

“लग्नाआधी माझी एवढी चौकशी केली असती ना यांनी,” काकू उतरता उतरता म्हणाल्या, “तर मीच नकार कळवला असता.”

जाळीचं दार उघडलं. काकू दोन पावलं पुढे आल्या आणि काठी हातातून निसटली. बूच टोकाला, पण काठी आडवी पडली. खाड्कन आवाज. शिट्टी कोपऱ्यात गेली, दात दिसले. काका पुढे व्हायला लागले तसा काकूंनी उजवा हात वर केला.

“तुम्ही थांबा हो.” मग जाळीला धरून शिट्टीला म्हणाल्या, “मलाही ती मेली आवडत नाही गं.”

बराच वेळ गेला. मग नाकातली बारीक शिट्टी ऐकू आली, आणि ती आडव्या पडलेल्या काठीला वळसा घालून काकूंच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली.

त्याला आता आठ महिने होतील. काका मधूनमधून डायरीचं पान दाखवायला येतात. परवाची नोंद: ‘सौ., दूधवाल्याच्या दुकानापर्यंत. शिट्टी सोबत. काठी एकदा पडली. कुणी लक्ष दिलं नाही.’

माझी सळई त्यांनी शिट्टीला नेलं त्या दिवशी न विचारता गाडीत टाकून नेली. मी अजून परत मागितलेली नाही.