बोचणारी कवळी

पाचवाजे हे त्याचं आडनाव नव्हतं. कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये एकतीस वर्षं तो रोज पाचाच्या ठोक्याला उठला, हातातला दात मेणात अर्धवट रोवलेला असला तरी तसाच टाकून उठला, म्हणून ते नाव पडलं. पुढे ते इतकं मुरलं की दात पुरवणारी कंपनी ‘श्री. पाचवाजे यांस’ म्हणून पत्रं धाडू लागली. त्यानं ते कधी दुरुस्त केलं नाही. जिथलं काम आपलं वाटत नाही तिथं नाव आपलं असून काय उपयोग, असं त्याचं म्हणणं.

तो इथं चिकटला होता तो दोन महिन्यांसाठी, काहीतरी बरं मिळेपर्यंत. ते ‘बरं’ काय होतं हे आता त्यालाही आठवत नसे. पण “एक दिवस सोडणार बघ हे दुसऱ्यांचे दात कोरणं” हे वाक्य मात्र आठवड्यातून दोनदा तरी ठरलेलं.

लॅब म्हणजे दोन खोल्या. मागच्या खोलीत प्लास्टर कालवायचं, साचे उकळायचे. पुढच्या खोलीत खिडकीला लागून दोन टेबलं. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्याचं माप यायचं, त्यावरून साचा, साच्यावर गुलाबी मेण, आणि मेणात एकेक दात बसवत जायचा. डावं टेबल पाचवाजेचं, उजवं बुवाचं. बुवा म्हणजे कुणी साधुसंत नव्हे. काम करताना गुणगुणायचा म्हणून बुवा. आवाज बेताचा, ताल त्याहून बेताचा, पण गुणगुणणं मात्र अखंड.

पाचवाजेच्या पोटात दुखायचं ते या गुणगुणण्यानं. हाताच्या सफाईवरून जळावं असं बुवाकडे काहीच नव्हतं. सफाई पाचवाजेचीच. त्याचे दात शाळेत रांगेत उभ्या केलेल्या मुलांसारखे सरळ, आणि त्याची कवळी सहसा परत यायची नाही. बुवाच्या यायच्या. तो म्हाताऱ्या माणसांचे जुने फोटो मागवायचा, भिंग लावून बघत बसायचा, आणि एखादा दात मुद्दाम जरा तिरका, जरा आखूड लावायचा. “माणसाचं तोंड आहे, कुंपण नाही,” म्हणायचा. कुणी आरशात बघून डोळे पुसायचं, तर कुणी “एवढे पैसे देऊन दात वाकडा?” म्हणून कवळी परत पाठवायचं. परत आलेली कवळी बघून दुसऱ्यानं कपाळाला हात लावला असता. बुवाला पाहुणा आल्याचा आनंद.

त्यातून बोचते अशी तक्रार असली तर विचारूच नका. हा गडी स्वतः दवाखान्यात जायचा, त्या माणसाला तोंड उघडायला लावायचा आणि हिरडीवर लाल ठिपका शोधायचा. “कवळी बोचली की हिरडी लाल होणारच. माणूस खोटं बोलेल, हिरडी नाही बोलायची,” हे त्याचं लाडकं वाक्य. ठिपका सापडला की तेवढीच जागा घासायची, आणि पुन्हा गुणगुण सुरू.

घरी गेल्यावर पाचवाजे जेवताना हे सगळं बायकोला ऐकवायचा. आज बुवानं एका दातावर दोन तास घालवले, आज बुवा जेवायलाच विसरला, आज बुवा साच्याशी बोलत होता.

“लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली,” बायको एकदा म्हणाली, “माझ्याबद्दल इतकं कधी बोलला असाल तर शपथ.”

“अगं, त्याला ते काम आवडतं!”

“मग आवडू दे की. तुम्हाला नाही ना आवडत? त्यात तुमचं काय जातंय?”

काहीतरी जात होतं खरं. दोघांना खिडकी एकच, मेण एकच, पगारही जवळजवळ एकच. एकाच ताटात जेवायला बसावं आणि दुसऱ्यालाच तेवढी चव लागावी, तसं ते होतं. बुवानं आपलं काही हिरावलेलं नाही हे पाचवाजेला कळायचं, आणि कळूनसुद्धा जळफळाट कमी व्हायचा नाही.

असं चाललं असताना लॅबच्या मालकीणबाईंनी, ज्यांना सगळे ताई म्हणत, कवळ्या बनवणारं नवं यंत्र मागवलं. ताई हिशेबातल्या हुशार, साच्यामेणाशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांनी पाचवाजेला आत बोलावलं.

“एकच टेबल ठेवायचं ठरवलंय,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला तर कधीपासून सुटायचंय. तुमची सुटका करते आणि बुवांना ठेवते. फक्त त्यांचा हात जरा थरथरतो असं वाटतंय मला. तेवढी एक खात्री झाली की झालं.”

सुटका! एकतीस वर्षं ज्याचा जप केला ते ताटात वाढून समोर आलं. पाचवाजे बाहेर आला तो आनंदानं नाचायला हवा होता. पण त्याच्या डोळ्यांपुढं आलं ते वेगळंच: आपण घरी भिंतीकडे बघत बसलोय, आणि इथं दोन टेबलांच्या जागेत ऐसपैस पसरून बुवा गुणगुणतोय. त्या क्षणी जे काम त्यानं जन्मभर शिव्या घालत केलं, ते दुसऱ्याच्या हाती राहणार म्हणून त्याला सोडवेना.

खात्री कशी करायची, याचा मार्गही त्याच्या तोंडातच होता. पाचवाजेचे वरचे दात एकेक करून गेले होते, शेवटचे दोन त्याच महिन्यात काढले. आता त्याला वरची कवळी हवी होती. लॅबचा जुना रिवाज असा की स्वतःची कवळी स्वतः करायची नाही. आपल्या तोंडाचे जो तो लाडच करतो. म्हणजे माप जाणार बुवाच्या टेबलावर. ताई म्हणाल्या, “बरंच झालं. तुमच्याइतकं चोख कोण सांगणार? नीट बसली तर बुवा राहतील.”

बुवानं तीन आठवडे घेतले. हात थरथरायचाच. एका हाताचं मनगट दुसऱ्या हातानं धरून तो दात रोवायचा, आणि गुणगुणायचा. पाचवाजे शेजारून बघायचा आणि मनात म्हणायचा, चूक, एकदाची चूक.

कवळी तयार झाली. डॉक्टरांकडे बसवून घेऊन तो थेट घरी गेला. दार उघडलं आणि बायको बघतच राहिली. मग तोंडावर हात ठेवून म्हणाली, “अहो, हे तर तुम्हीच!”

तो आरशापुढं उभा राहिला. पुढचा डावा दात शेजारच्या दातावर किंचित रेलला होता. लग्नाच्या फोटोत होता अगदी तसा. तो दात पडून सात वर्षं झाली होती, आणि बुवानं फोटो मागितलाच नव्हता. त्यानं तो लक्षात ठेवला होता. पाचवाजेनं आठवून बघितलं, बुवाचे दात कसे आहेत? एकतीस वर्षं ज्या माणसाकडे डोळे फाडून बघितलं, त्याचा एक दात त्याला सांगता येईना. कवळी हिरडीला अशी बसली होती की ती आहे हेसुद्धा कळत नव्हतं. एवढं चांगलं काम त्यानं जन्मात बघितलं नव्हतं. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

सोमवारी तो ताईंपुढं उभा राहिला आणि म्हणाला, “बोचते.”

“कुठं?”

“उजवीकडं. सुळ्याच्या वर.”

ताईंनी बुवाला बोलावलं. बुवा लगबगीनं आला, कवळी काढायला लावली, छोटी बॅटरी धरली. “उघड बघू तोंड.” त्यानं खूप वेळ बघितलं. गुणगुणणं कधी थांबलं ते पाचवाजेला कळलं नाही. थांबल्यावर मात्र खोली केवढी रिकामी वाटते ते कळलं. आपलं खोटं आता पकडलं गेलंच, या भीतीनं त्याचे पाय लटपटले.

बुवानं बॅटरी विझवली. “हो,” तो ताईंना म्हणाला, “बोचत असणार. हात थरथरतो माझा हल्ली.”

महिनाअखेर बुवानं भिंग आणि सुरी कापडात गुंडाळली आणि तो गेला. कवळी मीच घरी घासून घेतो, असं पाचवाजेनं सांगितलं होतं. ती त्यानं घासली नाही, रोज वापरत राहिला.

आता खिडकी त्याची एकट्याची होती. शांतता एवढी की मेणात दात शिरल्याचा आवाज यावा. तो पाचला उठायचा, पण आता उठण्यातही मजा उरली नव्हती. न उठणारं शेजारी कुणी असल्याशिवाय उठण्याला अर्थ तो काय?

पाच महिन्यांनी एक आजी फोटो घेऊन आल्या. यंत्रानं केलेली कवळी त्यांनी ताईंच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “हे दात चांगले आहेत, पण माझे नाहीत.” पाचवाजेनं दोनदा मेण लावलं, दोनदा खरवडलं. दात तिरका लावला की नुसता वाकडा दिसायचा. शेवटी ताई म्हणाल्या, “बुवांना विचारून या.”

बुवाच्या घरी खिडकीपाशी एक टेबल होतं, त्यावर भिंग, सुरी, आणि ओळखीच्या म्हाताऱ्यांच्या तुटक्या कवळ्या. गुणगुणणं जिन्यातच ऐकू आलं.

“ये रे,” बुवा म्हणाला. पाचवाजे बोलायला लागला, तशी बुवाची नजर त्याच्या तोंडावर खिळली. “तीच ना? काढ बघू.”

नाही म्हणायला कारण सुचेना. त्यानं कवळी काढून दिली. बुवानं उजवीकडे, सुळ्याच्या वर, अंगठा फिरवला. पॉलिश जसंच्या तसं होतं.

“कुठंच घासली नाहीस.”

पाचवाजे खिडकीबाहेर बघू लागला.

“ठिपका तेव्हाही नव्हता,” बुवा म्हणाला. “हिरडी लहान पोरासारखी गुलाबी होती.”

“मग ताईंना सांगितलं का नाहीस?” पाचवाजेनं पोकळ तोंडानं विचारलं.

बुवानं कवळी नळाखाली धुतली, पुसली आणि त्याच्या हातात दिली. “अरे, एकतीस वर्षं तुझं सोडणार, सोडणार ऐकलं. त्या दिवशी तोंड उघडून उभा होतास तेव्हा तुझे पाय कापत होते. म्हटलं, याला हे काम हवंय. एवढं हवंय की खोटं बोलतोय. मला बरं वाटलं रे. असू दे म्हटलं.”

मग त्यानं आजींचा फोटो मागून घेतला, उजेडात धरला, भिंग डोळ्याला लावलं, आणि दोन मिनिटांत आजी कोणत्या बाजूनं हसतात हे बघता बघता गुणगुणायला लागला. पाचवाजे कवळी हातात धरून बसून राहिला. आणि एवढं सगळं ऐकून झाल्यावरही त्याच्या पोटात पहिल्यासारखंच दुखायला लागलं.